गोबी पाळायचे तर आधी खाऊ, मग पाणी, शेवटी मासे

रविवारी सहा बंबलबी गोबी मासे आणले, टाकी महिनाभर आधीपासून चालू होती, पाणी तपासलं तर अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या खाऊतून तयार होणारं विष) शून्य, आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात मासे एकेक करत गेले. ही हकिगत मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता पाण्याबद्दल विचारतच नाही. विचारतो, "खायला काय घालत होतात?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: गप्पींना घालतो तेच दाणे.

गोबी पाण्यापेक्षा भुकेने जास्त मरतात. दाणा समोरून तरंगत जातो, मासा डोळे फिरवून बघतो, आणि जागचा हलत नाही. त्याच्या लेखी जे वळवळत नाही ते अन्न नव्हे. माझे पहिले सहा मासे असेच गेले. रोज दाणे टाकायचो, रोज ते दिसेनासे व्हायचे, मला वाटायचं मासे खातायत. खात होत्या त्या गोगलगायी. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. पाणी तयार व्हायला जे चार-सहा आठवडे लागतात, त्यातच खाऊ तयार करायला शिकायचं. मासे सगळ्यात शेवटी.

## टप्पा 1: कोणता गोबी हवा ते ठरवा

"गोबी" हे एका मोठ्या गोतावळ्याचं नाव आहे. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटीही त्यातलीच. त्यामुळे दुकानदार नुसतं "गोबी" म्हणाला तर पैसे काढू नका, नेमका कोणता ते विचारा.

बंबलबी, म्हणजे काळे-पिवळे पट्टे असलेला ब्रॅकिगोबियस, 3 ते 4 सेंटीमीटरचा. मूळचा आग्नेय आशियातला. याला कॅल्शियमचे क्षार असलेलं जड पाणी लागतं आणि जिवंत किंवा गोठवलेला खाऊ लागतो. हा लेख मुख्यतः याच्याबद्दल आहे, कारण माझ्या पाहण्यात हाच सर्वांत जास्त विकला जातो आणि हाच सर्वांत जास्त मरतो.

नाइट गोबी राखाडी अंगाचा, त्यावर काळे ठिपके. 8-9 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. बंबलबीसोबत तो कधीच ठेवू नका.

पीकॉक गजन पापुआ न्यू गिनीचा. खरा गोबी नव्हे, जवळचा नातलग. 5 ते 7 सेंटीमीटर. गोठवलेला खाऊ पहिल्याच आठवड्यात घेतो, साध्या नळाच्या पाण्यात राहतो. पहिल्यांदाच पाळणार असाल तर माझा कौल यालाच.

स्टिफोडॉन हे वाहत्या ओढ्यातले मासे. दगडावरचा शेवाळाचा थर खरवडून खातात. नव्या चकचकीत टाकीत त्यांना खायला काहीच नसतं. सहा महिने जुनी, दगडांवर हिरवा-तपकिरी थर धरलेली, जोरदार प्रवाहाची टाकी असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

आसाम-बंगालकडचा स्कार्लेट बॅडिस आणि केरळच्या नद्यांतला पी पफर हे गोबी नव्हेत, पण खाऊचा प्रश्न तोच. टप्पा 4 त्यांनाही जसाच्या तसा लागू आहे.

## टप्पा 2: तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं?

मुंबईत तलावांचं पाणी येतं, ते हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. पुण्यात खडकवासल्याचंही तसंच. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. बंबलबीला जड पाणी मानवतं: पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 7.5 ते 8.2, जीएच (एकूण जडपणा) 10 च्या पुढे, केएच (कार्बोनेटचा जडपणा) 6 च्या पुढे. थेंबांचं जीएच-केएच किट घ्या. एकदा आणलं की वर्षभर पुरतं.

सावधान: घरातल्या टीडीएस मीटरवर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा) विसंबू नका. अनेक सोसायट्यांमध्ये बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. मीटरवर आकडा 500 दिसतो, पण माशाला हवा असलेला कॅल्शियम त्यात जवळजवळ नसतो. अशा इमारतीत सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी मागून घ्या.

पाणी हलकं असेल तर ते जड करायचा सोपा उपाय स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांच्या शिंपल्या. आतलं मांस पूर्ण खरवडा, शिंपल्या ब्रशने घासा, वीस मिनिटं उकळा आणि चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा. नाकाशी धरून वास घ्या. किंचितही वास असेल तर अजून दोन दिवस. मग कापडात गुंडाळून हातोडीने भरड फोडा, जाळीच्या पिशवीत भरा आणि फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. 50 लिटरला दोन मुठी. आठवड्याने पाणी तपासा, कमी वाटलं तर एक मूठ वाढवा.

कोणी प्रवाळाचा चुरा सुचवेल. समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. आपल्याकडे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. शिंपल्या तेच काम करतात.

मिठाचं काय? जड गोड्या पाण्यात बंबलबी चांगला राहतो, मीठ सक्तीचं नाही. पण दुकानात तो खाऱ्या पाण्यात ठेवलेला असेल किंवा तुमचं पाणी फारच हलकं असेल, तर विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारं आहे याचं माप) 1.002 ते 1.005 च्या मधे ठेवा. 1.003 साठी लिटरमागे सुमारे 4-5 ग्रॅम मीठ लागतं. ते समुद्री टाकीसाठी मिळतं ते मीठ. खायचं मीठ नव्हे, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं ते मिश्रण नसतं. आणि एकदा ठरवलं की बदलत राहू नका. आज खारं, उद्या गोडं, असं करण्यापेक्षा यातलं कोणतंही एक कायम ठेवलेलं बरं.

नेहमीची चूक: पाणी आटलं की मिठाचं पाणी ओतणं. आटतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. आटलेली भर गोड्या पाण्यानेच घाला. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

## टप्पा 3: टाकी मांडणे

दोन फूट बाय एक बाय एक ही टाकी सहा ते आठ बंबलबींना पुरते. वाळू-पाणी धरून तिचं वजन 60 किलोच्या आसपास जातं, तेव्हा प्लायच्या हलक्या कपाटावर ठेवू नका. उंची महत्त्वाची नाही, तळ महत्त्वाचा. हे मासे तळाशी आणि दगडांवर बसून राहतात, पोटाखाली चिकटणारी परांची वाटी असते त्यांना.

तळाला बारीक वाळू, दोन बोटं जाड. धुताना पाणी निवळ येईपर्यंत धुवा, दहा-बारा बादल्या लागतात. फिल्टर स्पंजचा, एअर पंपावर चालणारा. बाहेर लावायच्या जोरदार फिल्टरचा प्रवाह बंबलबीला झेपत नाही, शिवाय बारीक जिवंत खाऊ त्यात ओढला जातो.

आता लपायच्या जागा. इथे कंजुषी करू नका. प्रत्येक नर एक छोटी हद्द धरतो आणि शेजाऱ्याला हाकलतो. आठ माशांना किमान बारा भोकं हवीत. दिवाळीनंतर घरात पडून असलेल्या साध्या मातीच्या पणत्या याला उत्तम. पालथी घालायची आणि कड पक्कडीने किंचित तोडून दार करायचं, बोटाच्या टोकाएवढं. मात्र रंगवलेली किंवा तेल-वात लागलेली पणती चालणार नाही. माती तेल शोषून घेते आणि ते पाण्यात उतरत राहतं. कोऱ्या पणत्या घ्या आणि एक रात्र भिजत ठेवा. याखेरीज अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचे दोन-अडीच इंचांचे तुकडे, करवंटीचे अर्धे भाग, कुंडीच्या खापऱ्या. अशा रचा की एका दारातून दुसरं दार दिसणार नाही. दिसलं नाही की भांडण निम्मं होतं.

झाडं हवीत तर जावा फर्न आणि अनुबियास. थोडं मीठ त्यांना सोसतं, बाकी बहुतेकांना सोसत नाही.

वर झाकण ठेवा, विशेषतः नाइट गोबी असेल तर. तो उडी मारतो.

तपासा: हीटर 50 वॉटचा, थर्मामीटर वेगळा. तापमान 25 ते 28 अंश. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात टाकी रात्री 20 च्या खाली जाऊ शकते, तेव्हा हीटर जानेवारीची वाट न पाहता आधीच लावा.

## टप्पा 4: पाणी मुरतंय तोवर खाऊ तयार करा

टाकी भरली की तिच्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला हवेत. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. नळाचं पाणी आधी क्लोरीनमुक्त करा. मासे-दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे खडे किंवा थेंब वापरा. मग एक कच्ची कोळंबी पातळ कापडात बांधून टाकीत सोडा. ती कुजली की अमोनिया तयार होतो. 2 ते 3 पीपीएम (दहा लाखांत दोन-तीन भाग) दिसला की पुडी काढून टाका. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून करतात ते, तेही विषारी) चढेल, मग तोही उतरेल. एखाद्या मित्राच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम निम्म्या वेळात होतं.

थांबा, पुढे जाऊ नका: लागोपाठ तीन दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. जड, अल्कली पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. गप्पींना चालून गेलं असेल ते इथे चालणार नाही.

या चार-सहा आठवड्यांत लोक रोज टाकीपुढे बसून वैतागतात. तो वेळ आर्टेमियाला (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची पिल्लं हाच गोबीचा खाऊ) द्या.

आर्टेमियाची अंडी डब्यात मिळतात. डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, दमट हवेत ती लवकर निकामी होतात. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, बूड कापा आणि उलटी टांगा. तिच्यात एक लिटर पाणी, 25 ग्रॅम मीठ आणि खायच्या सोड्याची चिमूट. एअर पंपाची नळी झाकणापर्यंत सोडा, बुडबुडे जोरात हवेत. पाव चमचा अंडी टाका. 27 अंशांच्या आसपास 24 तासांत फुटतात, थंडीत 36 लागतात.

मग पंप बंद करा, खोलीत अंधार करा आणि बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरा. दहा मिनिटांत रिकाम्या टरफलांचा तपकिरी थर वर तरंगतो, न फुटलेली अंडी तळाला बसतात, आणि उजेडाच्या बाजूला एक नारिंगी ढग जमतो. जवळून पाहिलात तर तो ढग सतत थरथरत असतो. ती थरथरच तुमच्या माशाला दिसते. बारीक नळीने फक्त नारिंगी भाग ओढून घ्या.

नेहमीची चूक: चहाची गाळणी. पिल्लं तिच्यातून सरळ निसटतात. दाट विणीचा सुती रुमाल वापरा आणि गोड्या पाण्याने एकदा धुऊन घ्या. टरफलं आत जाऊ देऊ नका, ती माशांच्या पोटात अडकतात. आणि फुटल्यावर सहा-आठ तासांत घाला. उशीर झाला की पिल्लं स्वतःतलंच पोषण खर्च करून बसतात.

दोन बाटल्या आलटून-पालटून लावल्या की रोज खाऊ मिळतो. मासे आणायच्या आधी सलग सात दिवस तुम्हाला हे जमलं पाहिजे. जमत नसेल तर मासे आणू नका.

दुसरा आधार डॅफ्नियाचा, म्हणजे गोड्या पाण्यात उड्या मारत पोहणाऱ्या बारीक जीवांचा. गच्चीवर शेवाळाने हिरवं झालेलं पाणी असलेली बादली, आठवड्यातून दोनदा यीस्टची अगदी चिमूट, क्लोरीन अजिबात नाही. बादलीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. न बांधाल तर आठवड्यात डासांच्या अळ्या होतील. अळ्या हा माशांचा उत्तम खाऊ आहे हे खरं, पण डेंग्यूच्या दिवसांत उघड्या बादलीत त्या वाढवणं म्हणजे शेजारच्या पोराला आजारी पाडणं. ते करू नका.

जिवंत ट्युबिफेक्स (दोऱ्यासारखा लाल किडा) टाळा. सांडपाण्याच्या चिखलातून येतो आणि रोग घेऊन येतो. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया, आर्टेमिया यांची एकेक पट्टी फ्रीझरमध्ये असू द्या.

## टप्पा 5: मासे निवडणे

मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केट, इतर शहरांत ओळखीचं दुकान. कुठेही घ्या, पण पोट बघून घ्या. समोरून नव्हे, बाजूने आणि खालून. पोट भरीव किंवा सपाट हवं. कल्ल्यांच्या मागे खळगा दिसला तर तो मासा कितीही स्वस्त असू दे, सोडा. एका मर्यादेपलीकडे उपाशी राहिलेला मासा समोर अन्न आलं तरी खात नाही.

विक्रेत्याला सांगा, माझ्यासमोर काहीतरी खायला घाला. चांगला दुकानदार घालतो. मासे येऊन दोन दिवसच झाले असतील तर आठवड्याने या. दुकान त्यांना कोणत्या पाण्यात ठेवतं, गोड्या की खाऱ्या, तेही इथेच विचारा.

एकदम सहा ते आठ घ्या. दोन घेतले तर एक दुसऱ्याला छळून मारतो. आठ असले की राग वाटला जातो. सोबतीला दुसरा मासा नको. गप्पी, टेट्रा, बार्ब हे सगळे गोबीच्या तोंडचा घास पळवतात.

## टप्पा 6: घरी आणल्यावरचा पहिला तास

पिशवी दुकानातून तासाभरात आली असेल तर थेंबपद्धत. मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या. हवेच्या नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब पडेल असं सोडा. पाऊण ते एक तासात बादलीतलं पाणी दुप्पट-तिप्पट होईल. मग जाळीने मासे उचलून टाकीत. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

सावधान: मासे कुरियरने, दिवसभराच्या प्रवासातून आले असतील तर हीच पद्धत घातक ठरते. बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो म्हणून तो सौम्य राहतो. पिशवी उघडून तुम्ही अल्कली पाणी थेंबथेंब घालू लागलात की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळवा, मग उघडून लगेच मासे टाकीत घ्या. हे करायचं तर पाठवणाऱ्याकडून त्याच्या पाण्याचे आकडे आधी मागवा आणि टाकी त्या आकड्यांच्या जवळ आणून ठेवा.

त्या दिवशी दिवा लावू नका.

## टप्पा 7: पहिले पंधरा दिवस

सगळं यश-अपयश इथे ठरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत आर्टेमिया, लांब नळीने थेट दारांपुढे सोडा. वरून ओतलं तर अर्धं फिल्टरच्या स्पंजला चिकटतं. मासा आधी बघतो, मान वळवल्यासारखं अंग वळवतो, मग एकदम झडप घालतो. दहा मिनिटांनी टॉर्च लावून प्रत्येकाचं पोट बघा. आर्टेमिया खाल्लेलं पोट कातडीतून नारिंगी दिसतं. इतका सोपा पुरावा मिळतो, त्याचा उपयोग करा. मासे मोजा, नारिंगी पोटं मोजा. आठातली सहा असतील, तर उरलेल्या दोघांच्या दारापुढे नळी पुन्हा न्या.

दिवसातून दोनदा, थोडं थोडं. आठ दिवसांनी जिवंत आर्टेमियात गोठवलेला डॅफ्निया मिसळायला लागा. तो नळीच्या टोकाने पाण्यात किंचित हलवत सोडायचा, म्हणजे जिवंत वाटतो. ब्लडवर्म चहाच्या गाळणीत धुऊन, ब्लेडने बारीक चिरून, आठवड्यातून दोनदाच. रोज तेच दिलं तर पोटं फुगतात.

तपासा, पंधराव्या दिवशी: पट्टे ठसठशीत, पोट गोल, पर उघडे. पट्टे फिके आणि पर मिटलेले असतील तर आधी अमोनिया तपासा, मग कोण कोणाला हाकलतंय ते बघा. खातो तरी पोट खपाटीला, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, असं असेल तर आत जंत किंवा दुसरे परजीवी असू शकतात. त्याला वेगळ्या टाकीत हलवा आणि माशांचं औषध जाणणाऱ्या माणसाला विचारा. अंदाजाने औषध टाकीत ओतू नका.

## टप्पा 8: रोजचं चालवणे

आठवड्याला 20-25 टक्के पाणी बदला. नवं पाणी तापमान, जडपणा आणि मीठ तिन्ही जुळवूनच घाला. उरलेला खाऊ सायफनने काढा, गोठवलेला खाऊ एका रात्रीत कुजतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात टाकी 32-33 अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, एअर पंप वाढवा, खाऊ थोडा कमी करा. बर्फाचे खडे टाकू नका, तापमानाचा झटका उन्हापेक्षा वाईट. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

गणपतीला गावी जायचंय? धष्टपुष्ट मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी काढतात. त्याहून जास्त दिवस असतील तर गोठवलेल्या खाऊचे रोजच्या मापाचे तुकडे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून शेजाऱ्यांकडे द्या आणि जायच्या आधी एकदा त्यांच्याच हातून घालवून घ्या. सुट्टीचे म्हणून विकतात ते पांढरे खाऊचे ठोकळे गोबी खात नाहीत, ते फक्त पाणी नासवतात.

मासे नकोसे झाले तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका.

सगळं नीट चाललं की काही महिन्यांत एखादा नर पाइपातून बाहेरच येईनासा होतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावतो. टॉर्चने आत बघा. छतावर अंडी चिकटवलेली असतात आणि तो परांनी त्यांना वारा घालत असतो. पाइप हलवू नका, त्याच्या दारापुढे खाऊ पोचवा. आठवडा-नऊ दिवसांत पिल्लं निघतात, पण पहिले काही दिवस त्यांना आर्टेमियाही मोठा पडतो. त्यांना रोटिफर किंवा इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव लागतात. म्हणून अंडी दिसली त्याच दिवशी, पिल्लांची वाट न पाहता, टाकीतलं पाणी आणि कोबीचं एक वाळकं पान घालून काचेची बरणी उजेडात ठेवून द्या, म्हणजे तिच्यात इन्फ्युसोरिया वाढतील.